वाचलें खरें, पण कळलें काय ?

आमच्या घरीं दिवेलागण झाली, देवापुढें शुभंकरोति म्हणून झालें, म्हणजे मुलांनीं माजघरांत बसून आपापला पाठ मोठ्यानें वाचावा अशी जुनी वहिवाट आहे. गेल्या पावसाळ्यांतील एका सायंकाळची ही हकीकत. आमचा धाकटा पुतण्या चौथ्या इयत्तेंत आहे. त्यानें मराठीच्या पुस्तकांतील एक धडा आरंभापासून शेवटपर्यंत कोठेंही न अडखळतां, स्वल्पविरामाशीं क्षणभर थांबून आणि पूर्णविरामाशीं आवाज उतरवून, इतका सुरेख वाचला कीं आम्हां सर्वांस कौतुक वाटलें. आमच्या मातोश्री जपाची माळ हातांत घेऊन जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "छान वाचलेंस हो बाळ. आतां मला सांग, त्यांतली ती म्हातारी शेवटीं रडली कां ?" पोर गोंधळलें. त्यानें पानें चाळलीं, धड्याखालचे प्रश्न पाहिले आणि म्हटलें, "आजी, हा प्रश्न स्वाध्यायांत नाहीं."

घरांतील मंडळी हंसली. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. शब्द वाचतां येणें आणि अर्थ कळणें या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हें त्या एका उत्तरानें आमच्यापुढें उघडें केलें.

ग्रामीण भारतांतील मुलांच्या वाचनाची 'असर' या नांवाची पाहणी २००५ पासून होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें पांचव्या इयत्तेंतील जवळजवळ निम्म्या मुलांस दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां येत नाहीं. सुशिक्षित घरांतील आपण असे आंकडे वाचतों, हळहळतों, आणि आपलीं मुलें त्या निम्म्यांत नाहींत म्हणून मनांतल्या मनांत निश्चिंत होतों. परंतु ती पाहणी मुख्यतः मूल उतारा वाचूं शकतें कीं नाहीं एवढेंच पाहते. आमच्या पुतण्यास तेथें पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. म्हातारी कां रडली, हें त्यास सांगतां आलें नसतें ही गोष्ट वेगळी.

हें अर्थाचें शिक्षण घरांत कसें द्यावें याचा शोध घेतां घेतां आमची दृष्टि अशा शेजाऱ्यांकडे गेली, कीं त्यांचें नांव काढतांच कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल. ते शेजारी म्हणजे आमच्या जालन्यांतील, आणि एकंदर महाराष्ट्रांतील, ख्रिस्ती कुटुंबें. घरांतल्या घरांत ग्रंथ वाचणें, वाचलेल्यावर प्रश्न करणें आणि मुलांकडून अर्थ काढून घेणें ही रीत त्या समाजानें जशी सांभाळली, तशी आपण सांभाळली नाहीं, असें आमचें मत झालें आहे. तें कां झालें, हें वाचकांपुढें ठेवितों.

एक जुनी जखम

आठीचें कारण आधीं सांगितलें पाहिजे. तें झांकून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १८४३ सालीं मुंबईंत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेंत शिकलेल्या नारायण शेषाद्रि नांवाच्या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहूं लागला होता. तो तर अजून अज्ञान होता. वडिलांनीं न्यायालयांत धांव घेतली आणि श्रीपाद घरीं परत आला. परंतु त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, यावरून शास्त्री-पंडितांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुलाची बाजू घेतली, आणि त्यापायीं त्यांस स्वजनांचा रोष पत्करावा लागला.

एका घरांतील दोन भाऊ. एक गेला, एक परत आला. त्या वेळच्या ब्राह्मण घरांनीं या प्रकरणांतून जो धडा घेतला तो असा, कीं त्यांचीं पुस्तकें मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत. ज्या बापाचीं दोन मुलें अशीं हातचीं चाललीं होतीं, त्याच्या भीतीस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण भीतीनें डोळे मिटले म्हणजे समोरची घेण्याजोगी गोष्टही दिसत नाहीं, इतकें आज इतक्या वर्षांनंतर म्हणावयास हरकत नसावी.

हेच नारायण शेषाद्रि पुढें पाद्री होऊन १८६० नंतरच्या दशकांत आमच्या जालन्यास आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारकीर्दींत मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं जालन्याजवळ 'बेथेल' नांवाची वस्ती वसविली. बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ देवाचें घर. तेथें आलेले बहुतेक लोक मातंग समाजांतील होते. त्यांच्या मुलांस त्या काळीं गांवच्या शाळेच्या पायरीवरही उभें राहतां येत नसे. १८९१ सालीं शेषाद्रि वारले.

त्या वस्तीचा विचार करतांना आमच्या मनांत एक चित्र उभें राहतें. जेथें पिढ्यान् पिढ्या कोणाच्या हातीं अक्षर आलें नाहीं, तेथें घरांत पहिलें वाचणारें माणूस बहुधा मूलच असणार. तें वाचणार आणि आईबाप ऐकणार. ऐकून बाप विचारणार, "म्हणजे काय रे ?" अशा घरांत नुसता सुरेल आवाज काढून सुटका होत नाहीं. ज्यास अक्षर येत नाहीं, पण जगाचा अनुभव भरपूर आहे, असा श्रोता समोर बसला म्हणजे वाचणाऱ्यास अर्थ सांगावाच लागतो. आपल्या घरांत मात्र सर्वांस वाचतां येतें. म्हणून कोणी कोणास अर्थ विचारीत नाहीं.

पारायण राहिलें, निरूपण गेलें

ख्रिस्ती धर्माच्या प्रॉटेस्टंट शाखेचा असा आग्रह आहे कीं, धर्मग्रंथ प्रत्येकानें आपल्या मातृभाषेंत स्वतः वाचावा. या आग्रहामुळें वाचन हा त्यांच्या घरांत धर्माचाच भाग झाला, आणि वाचलेलें कळणें हेंही कर्तव्य ठरलें. सकाळीं किंवा रात्रीं कुटुंबानें एकत्र बसावें, एकानें उतारा वाचावा, मग त्यावर बोलावें, ही 'कौटुंबिक उपासना' पुष्कळ भाविक ख्रिस्ती घरांत चालत आली आहे.

मग आपल्याकडे असें कांहीं नव्हतें काय ? होतें, आणि फार चांगलें होतें. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब आमच्याच जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांत पहिला समास लेखनक्रियेवर, म्हणजे अक्षर कसें काढावें आणि पोथी कशी सिद्ध करावी यावर, खर्चिला आहे. नवविधा भक्तींत त्यांनीं पहिला मान श्रवणास दिला, आणि श्रवणामागें मनन हवें हें पुन्हां पुन्हां बजाविलें. पोथी सांगणारा ओवी म्हणून थांबे, तिचा अर्थ उलगडी, दाखला देई, श्रोत्यांची शंका फेडी. यासच निरूपण म्हणत.

दुसरीही एक गोष्ट जालनेकरांनीं विसरूं नये. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि माध्यमिक शाळांत शिकविण्याची भाषा उर्दू होती. त्या वेळीं ज्या पिढीनें शाळेंत उर्दू गिरविली, तिला मराठी साहित्य मिळालें तें घरांत. हरिविजय, पांडवप्रताप आणि दासबोध यांच्या पोथ्यांतून, आजोबांच्या आणि आजीच्या तोंडून. म्हणजे 'गृहशाळा' हा शब्द आज नवा वाटला तरी वस्तु आपणांस नवी नाहीं. आपल्या वडीलधाऱ्यांचें मराठी गृहशाळेंतच झालें आहे.

पुढें मराठी शाळा आल्या, मग इंग्रजी शाळा आल्या, आणि घरानें आपलें काम शाळेवर सोंपविलें. श्रावणांत किंवा अधिक महिन्यांत पोथी निघते. पण ठराविक दिवसांत ग्रंथ पुरा करण्याची घाई असते. पारायण राहिलें, निरूपण गेलें. आमच्या पुतण्यानें धड्याचें पारायणच केलें होतें. दोष त्याचा नव्हता; आम्हीं त्यास तेवढेंच दाखविलें होतें.

पेरणाऱ्याचा दृष्टान्त

ख्रिस्ती घरांतील वाचनास अर्थाची संवय लागली याचें एक कारण त्यांच्या ग्रंथांतच आहे. येशू ख्रिस्तानें आपली शिकवण पुष्कळदां दृष्टान्तांच्या रूपानें दिली. दृष्टान्त हा असा साहित्यप्रकार आहे कीं, तो शब्दशः घेतला तर हातीं कांहींच लागत नाहीं.

एक उदाहरण पाहूं. एक शेतकरी बी पेरतो. कांहीं बी वाटेवर पडतें, तें पांखरें टिपतात. कांहीं खडकाळ जागीं पडतें. तें लौकर उगवतें, पण मूळ खोल न गेल्यामुळें उन्हानें करपतें. कांहीं कांटेरी झुडुपांत पडून गुदमरतें. उरलेलें चांगल्या जमिनींत पडून तीसपट, साठपट, शंभरपट पीक देतें. जालन्याच्या मुलास ही गोष्ट समजण्यास अवघड नाहीं. 'जालना, सोने का पालना' म्हणून ज्या गांवाची ख्याति, तेथेंच १९६४ सालीं बद्रिनारायण बारवाले यांनीं महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि आज या गांवाचें नांव बियाण्यांसाठीं देशभर घेतलें जातें. बी, जमीन, पाऊस हा येथील लहान मुलांच्याही बोलण्यांतला विषय. पण गोष्ट समजली म्हणून दृष्टान्त समजला असें होत नाहीं. येथें पहिला प्रश्न, काय घडलें ? दुसरा प्रश्न, बी म्हणजे काय आणि जमीन म्हणजे कोण ? तिसरा प्रश्न, यांतली कोणती जमीन माझी ?

या दृष्टान्ताचा अर्थ शिष्यांस कळला नाहीं, म्हणून ख्रिस्तानें तो स्वतःच उलगडून सांगितल्याचें शुभवर्तमानांत लिहिलें आहे. बी म्हणजे उपदेशाचें वचन, आणि जमिनी म्हणजे ऐकणारांचीं मनें. शिकविणाऱ्यास ही मोठी सोय आहे. कारण गोष्टीवरून अर्थाकडे कसें जावें, याचा नमुना मुलास त्याच पानावर सांपडतो.

वाचकांपैकीं ज्यांनीं महानुभावांचें जुनें मराठी गद्य अभ्यासिलें असेल, त्यांस येथें एका ग्रंथाची आठवण होईल. श्रीचक्रधरस्वामींनीं सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस 'दृष्टान्तपाठ' या ग्रंथांत गुंफले. त्यांत ११४ दृष्टान्त आहेत, आणि प्रत्येकाचीं तीन अंगें आहेत : आधीं सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे सांगावयाचें तत्त्व, दृष्टान्त म्हणजे गोष्ट, आणि दार्ष्टान्तिक म्हणजे ती गोष्ट तत्त्वास कशी लागू पडते याची फोड. आमच्या मतें वाचनाच्या आकलनाची यापेक्षां सुटसुटीत कसोटी दुसरी नाहीं. मूल गोष्ट परत सांगतें, तें दृष्टान्तापर्यंत आलें. मूल दार्ष्टान्तिक सांगूं लागलें, म्हणजे त्यास वाचतां आलें. आजची शाळा बहुधा सूत्र फळ्यावर लिहून देते, दृष्टान्त वाचून घेते आणि दार्ष्टान्तिक पाठ करून आणावयास सांगते.

दोन मुलांचा बाप

ज्या दृष्टान्ताचा अर्थ दिलेला आहे त्यावर मूल शिकलें, म्हणजे ज्याचा अर्थ दिलेला नाहीं तो त्याच्यापुढें ठेवावा. लूककृत शुभवर्तमानांत अशी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांच्या इतकी जिव्हाळ्याची आहे कीं, धर्म बाजूस ठेवून ती साहित्य म्हणून वाचावी.

एका बापास दोन मुलगे. बाप जिवंत असतांनाच धाकटा आपला वांटा मागतो. बाप वांटणी करून देतो. धाकटा दूर देशीं जाऊन सर्व उधळतो. तिकडे दुष्काळ पडतो, आणि डुकरें राखण्याची पाळी येते. शेवटीं तो घरीं परततो. बाप त्यास दुरून पाहून धांवत सामोरा जातो आणि घरांत मेजवानी होते. थोरला शेतांतून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि रागावून बाहेरच उभा राहतो. इतकीं वर्षें मीं राबावें आणि सोहळा याचा व्हावा, हें त्याचें गाऱ्हाणें. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. आणि गोष्ट तेथेंच संपते. थोरला आंत गेला कीं नाहीं, हें ग्रंथांत सांगितलेलेंच नाहीं.

या न सांगितलेल्या गोष्टींतच शिक्षणाचें मर्म आहे. प्रश्नास तयार उत्तर नाहीं. मुलानें तें मजकुरांतून आणि माणसांच्या अनुभवांतून काढावयाचें आहे. बापाचे कोणते शब्द थोरल्यास वळवितील ? कोणते शब्द त्यास अधिकच दुखवितील ? आणि थोरल्याचें चुकलें तरी काय ? वांटणी, रुसवा, घर सोडून जाणें, परत येणें हें सर्व आपल्या घरांतील मुलें उघड्या डोळ्यांनीं पाहत असतात. फक्त त्याविषयीं बोलण्याची मुभा त्यांस नसते. चांगलें साहित्य ती मुभा देतें. शेषाद्रींच्या घराची हकीकत वर वाचून ज्यांचें मन हललें असेल, त्यांस ही दोन भावांची गोष्ट ख्रिस्ती कीं हिंदु हा प्रश्न पडणार नाहीं.

टिळकांच्या घरांतील मराठी

कोणी म्हणेल, हें धर्मशिक्षण झालें. मराठी साहित्याशीं ख्रिस्ती घरांचा काय संबंध? संबंध जुना आहे. फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यांत १६१६ सालीं छापलें गेलें. 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघूं लागला. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याचें नांव घेतलें जातें.

परंतु घर हीच शाळा कशी होते, याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें घर. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि लक्ष्मीबाईंनीं पुढें १९०० सालीं. शेषाद्रींच्या घराप्रमाणेंच याही घरानें ताटातूट सोसली. लक्ष्मीबाईंनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती संसारांत, घरच्या माणसांकडून. पुढें टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' त्यांनीं पुरें केलें, आणि त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. तें पुस्तक आज धर्माचा भेद न मानतां मराठी घराघरांत वाचलें जातें. १९०७ सालच्या जळगांवच्या कविसंमेलनांत ज्या कोंवळ्या मुलानें सर्वांस थक्क केलें, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, अहमदनगरास याच घरांत राहिले, आणि लक्ष्मीबाईंनीं त्यांस मुलासारखें संभाळलें.

या घरांत तासिका नव्हत्या, फळा नव्हता. पण कविता जेवणाच्या पानावर चर्चिली जात होती, मोठीं माणसें स्वतः वाचीत आणि लिहीत होतीं, आणि लहानांस त्या बोलण्यांतून उठवून लावीत नव्हतीं. मुलास साहित्य शिकविणें म्हणजे पुष्कळ अंशीं त्यास मोठ्यांच्या वाचनांत जागा देणें होय. बाप हातांतील मोबाइलवर डोळे खिळवून मुलास "जा, वाचायला बस" म्हणतो, तेव्हां मूल काय शिकतें हें सांगावयास नको.

एका इंग्रज बाईंची रीत

आज अमेरिकेंत आणि इतरत्र ज्या ख्रिस्ती कुटुंबांत मुलें घरींच शिकतात, त्यांपैकीं पुष्कळजण शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धति मानतात. त्यांचा काळ १८४२ ते १९२३. १८८६ मध्यें त्यांचें 'होम एज्युकेशन' निघालें. त्यांच्या प्रेरणेनें १८८७ मध्यें पालकांची संघटना उभी राहिली, आणि १८९० पासून 'पेरेंट्स रिव्ह्यू' हें मासिक घरोघर जाऊं लागलें. मधल्या काळांत त्यांचें नांव मागें पडलें होतें. १९८४ सालीं सूझन शेफर मकॉले या लेखिकेनें 'फॉर द चिल्ड्रन्स सेक' या पुस्तकांत तें पुन्हां पुढें आणलें.

मेसनबाईंची मुख्य रीत अगदीं साधी आहे. चांगल्या पुस्तकांतील एक उतारा एकदांच वाचावा, दोनदां नाहीं. मग पुस्तक मिटावें आणि मुलानें तें आपल्या शब्दांत सांगावें. मध्येंच टोकूं नये, दुरुस्ती करूं नये. सहा वर्षांच्या आंतील मुलावर ही सक्ति नको. एकदांच कां ? पुन्हां वाचणार आहेत हें कळलें, कीं मुलाचें लक्ष ढिलें पडतें. आपल्या शब्दांत कां ? दुसऱ्याचे शब्द न समजतांही परत करतां येतात. स्वतःचे शब्द समजल्यावांचून सुचत नाहींत. सारांश केलेलीं, रस पिळून काढलेलीं पुस्तकें मुलांस देऊं नयेत, ज्याच्या लेखकास विषयाचें प्रेम आहे असें जिवंत पुस्तक द्यावें, असाही त्यांचा कटाक्ष होता.

आमच्याकडील कीर्तन ऐकून आल्यावर आजी "बुवांनीं आज काय सांगितलें ?" म्हणून विचारीत असे, ती रीत याहून फारशी निराळी नव्हती.

दोषही सांगितले पाहिजेत

ख्रिस्ती घरांतील शिक्षण सर्वस्वीं निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्याकडे प्रश्नोत्तरावली असते. धर्माचीं तत्त्वें प्रश्न आणि उत्तर अशा रूपानें मुलांकडून पाठ करून घेतलीं जातात. पाठांतर वाईट नव्हे, परंतु उत्तरही पाठ असलें म्हणजे प्रश्न हा केवळ घंटेचा ठोका होतो. जेथें दृष्टान्ताचा एकच अर्थ ठरवून टाकला आणि मुलाची शंका हें पाप मानलें, तेथें बायबल असो कीं गीता, पोपटच निपजणार.

दुसरें असें कीं, मुलास शाळेंतून काढून घरीं बसवावें असा सल्ला आम्ही देत नाहीं. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो शाळेस धरूनच आहे. घरीं शिकलेल्यांस राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या परीक्षांचा मार्ग आहे खरा. पण नाना जातींच्या, नाना घरांच्या मुलांबरोबर एका बांकावर बसणें हेंही शिक्षणच आहे. बेथेलच्या मुलांस ज्या पायरीवर उभें राहूं दिलें नव्हतें, ती पायरी आज सर्वांस मोकळी आहे. ती आपण होऊन सोडूं नये. शाळा राहूं द्यावी. घरानें आपलें काम परत घ्यावें, इतकेंच आमचें मागणें.

अर्धा तास

आम्हीं आमच्या घरीं जें सुरू केलें तें थोडक्यांत सांगतों. रात्रीचें जेवण झाल्यावर अर्धा तास सर्वांनीं एकत्र बसावयाचें. मोबाइल देवघराबाहेरच्या फळीवर. एकानें वाचावयाचें; एक दिवस मुलानें, एक दिवस मोठ्या माणसानें. उतारा पान-दीड पानाचा, एकदांच. मग सर्वांत लहानानें सांगावयाचें, आणि सुटलेलें मोठ्या मुलांनीं भरावयाचें. त्यानंतर आजीनें एक प्रश्न विचारावयाचा; त्यास अट एकच, कीं त्याचें उत्तर पुस्तकांत छापलेलें नसावें. उत्तर चुकलें तरी "चूक" म्हणावयाचें नाहीं, "हें तुला कोणत्या वाक्यावरून वाटलें?" एवढें विचारावयाचें. वाक्य दाखवितां आलें तर उत्तर ग्राह्य. आठवड्यांतून एकदां मुलांनीं मोठ्यांस प्रश्न विचारावयाचा.

पुस्तकांत आम्ही भेद ठेविला नाहीं. 'श्यामची आई' झाली, 'स्मृतिचित्रें' चालू आहेत, मधूनमधून दासबोधाचा एखादा समास असतो. पहिले पंधरा दिवस मुलें कंटाळलीं, आणि खरें सांगावयाचें तर मोठीं माणसें अधिक कंटाळलीं. आमच्या थोरल्या बंधूंस एकदां सांगतांना अर्धा उतारा आठवला नाहीं, तेव्हां मुलांस जो आनंद झाला, त्या दिवसापासून बैठक जमली.

परवां मातोश्रींनीं दोन मुलांच्या बापाची ती गोष्ट वाचावयास लावली. आम्हांस वाटलें होतें कीं त्या आक्षेप घेतील. त्यांनीं डोळे पुसले. पुतण्यानें गोष्ट नीट सांगितली. मग आजीनें विचारलें, "थोरला आंत गेला असेल कां रे ?" तो बराच वेळ गप्प बसला. पुस्तक पुढें ओढून त्यानें तें पान आपल्या आपण पुन्हां वाचलें आणि म्हणाला, "आजी, ह्यांत त्यांची आई कुठेंच नाहीं. ती असती तर तिनें त्याला जेवायला हांक मारली असती. ती कुठें गेली ?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरांत कोणासच देतां आलें नाहीं. मातोश्रींनीं माळ खालीं ठेविली, आणि त्या रात्रीं अर्ध्या तासाचे दोन तास कधीं झाले, हें आम्हांस कळलें नाहीं.